आयटी घे, पण कीबोर्ड सोडू नको

प्रिय बेटा,

परवाचा तुझा मेसेज वाचला. अकरावीच्या फॉर्ममध्ये सायन्ससोबत आयटी टाकू की बायो, आणि बाबा म्हणून राहिले की आयटीच टाक, स्कोरिंग आहे, तेवढीच टक्केवारी वर जाईल. फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण मी इतकी वर्षं हाच विषय ज्युनियर कॉलेजच्या पोट्ट्यांना शिकवून राहिली आहे आणि दरवर्षी तेच बघते, म्हणून जरा बसून लिहिते.

आयटी घे. बाबांचं कारण मात्र बाजूला ठेव.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू, कारण नागपुरात बर्डीवरच्या क्लासवाल्यांनाही तो नीट सांगता येत नाही. आयटी आणि बायफोकलचं, म्हणजे दोन विषयांच्या जागी घ्यायचं, कॉम्प्युटर सायन्स हे दोन वेगळे विषय आहेत. आयटी १०० मार्कांचा, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स तिघांनाही घेता येतो. कॉम्प्युटर सायन्स २०० मार्कांचं, त्यासाठी सेकंड लँग्वेज आणि अजून एक विषय सोडावा लागतो, आणि त्यात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, ८०८५ मायक्रोप्रोसेसरची असेंब्ली भाषा असं जड सामान असतं. तुला मशीनच्या पोटात काय चालतं ते बघायची आवड असेल तर तेही चांगलंच आहे, पण तुझं मला जेवढं माहीत आहे त्यावरून आयटी बसेल तुला. आणि हो, इंजिनिअरिंगचा विचार असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स यांना धक्का लावू नको, सीईटीच्या पीसीएम ग्रुपमध्ये आयटीचा एकही प्रश्न नसतो.

आता स्कोरिंगचं. बारावीला ८० मार्कांची ऑनलाइन परीक्षा आणि २० मार्कांचं प्रॅक्टिकल. ऑनलाइनमध्ये गाळलेल्या जागा, चूक-बरोबर, जोड्या, ऑप्शनवाले प्रश्न, शेवटी थोडा कोड. त्यामुळे शेवटच्या महिन्यात प्रश्नसंच पाठ करून चांगले मार्क काढणारे भरपूर असतात, आणि तीच पोरं पुढे फर्स्ट इयरला आली की साधं टेबल बनवता येत नाही म्हणून रडतात. मार्क खोटे नसतात बापा, पण हाताला काही लागलेलं नसतं. दोन वर्षं मशीनसमोर बसायला मिळतंय, सोबत सांगणारं माणूस आहे, आणि हे सगळं नुसत्या पाठांतरात घालवायचं? मला फार वाईट वाटतं बघून.

अकरावीला डेटाबेस आहे, म्हणजे माहिती टेबलांमध्ये नीट साठवणं, त्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएल नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. पोरांना हा धडा कंटाळवाणा वाटतो कारण पुस्तकात स्टुडंट नावाचं टेबल असतं आणि त्यात कोणाचाच जीव नसतो. तू तुझ्या आईची मेस घे. आई वहीत लिहिते ना, कोणाचा एक वेळचा डबा, कोणाचा दोन वेळचा, कोण गावाला गेलं म्हणून चार दिवस बंद. ते टेबलमध्ये टाकून बघ. पहिल्याच तासाला अडशील, कारण हॉस्टेलच्या दोन पोरी एकाच नावाच्या निघतील आणि पैसे एकीचे दुसरीच्या नावावर चढतील. मग वाटेल मोबाइल नंबरने ओळखू, पण पोरी सिम बदलतात. तेव्हा कळेल की प्रत्येकीला आपणच एक कायमचा नंबर द्यावा लागतो, तीच प्रायमरी की. मग रोजचे डबे त्याच टेबलमध्ये लिहायला जाशील तर प्रत्येक ओळीत नाव-पत्ता-मोबाइल पुन्हा पुन्हा, आणि एकीने रूम बदलली की तीस ठिकाणी दुरुस्ती. म्हणून गिऱ्हाइकांचं टेबल वेगळं, रोजच्या नोंदींचं वेगळं, मधे तो नंबर. एवढं एकदा स्वतःच्या हाताने झालं की त्या धड्यातलं अर्धं पाठांतर लागतच नाही, आणि आईच्या महिन्याच्या हिशोबाला तूच कामी येशील.

पुढे जावास्क्रिप्ट येईल, म्हणजे वेबपेजला कामाला लावणारी भाषा, तेव्हा त्याच मेससाठी एक फॉर्म बनव, सकाळचे डबे एका खान्यात, रात्रीचे दुसऱ्या, बटण दाबलं की बेरीज. १० आणि ५ टाक. उत्तर १०५ येईल! घाबरायचं नाही आणि लगेच मला फोनही करायचा नाही. टेक्स्टबॉक्समधून जे येतं ते जावास्क्रिप्टला आकडा नसतो, अक्षरं असतात, आणि दोन अक्षरमाळांमध्ये प्लस टाकला की त्या एकमेकींना चिकटतात. तिथेच मायनस टाकून बघ, बरोबर ५ येईल, कारण वजाबाकी अक्षरांची होतच नाही म्हणून ते आधी आकडे करून घेतं. मग नंबर फंक्शन लावून बेरीज दुरुस्त करशील, खूश होशील, आणि आईला वापरायला देशील. आई मराठी कीबोर्डवरून देवनागरीत १० टाकेल आणि स्क्रीनवर नॅन येईल, म्हणजे हा आकडाच नाही, कारण त्या फंक्शनला देवनागरी अंक ओळखता येत नाहीत, ते आपल्यालाच बदलून द्यावे लागतात. हे पुस्तकात शोधून सापडणार नाही. पण कोणी खरं माणूस आपलं काम वापरणार आहे हे कळल्यावर प्रोग्रामिंग म्हणजे काय ते तिथून सुरू होतं, मी तर म्हणेन तोपर्यंत फक्त टायपिंग चाललेलं असतं. (मराठी नावांच्या जागी भलतंच काही दिसलं तर पेजच्या मेटा टॅगमध्ये कॅरसेट यूटीएफ-८, म्हणजे मराठी अक्षरं नीट दाखवणारी पद्धत, टाकलंय का बघ, आणि फाइलही तशीच सेव्ह केली आहे का ते बघ.)

चॅटजीपीटीला हे सगळं सांगितलं तर मिनिटभरात पूर्ण कोड मिळतो, मला माहीत आहे. वापर, मी नाही म्हणत नाही. पण आधी स्वतः अड, अर्धा तास डोकं लाव, मग त्याला विचार की माझं काहून चालत नाहीये. पहिल्यांदाच तयार कोड मागितलास तर १०५ कुठून आलं हे तुला कधीच कळणार नाही, आणि त्याने चुकीचं दिलं तर पकडणार कशी?

आता जे तुला मुलगी म्हणून सांगायचं आहे ते. लॅबमध्ये मशीन कमी, पोरं जास्त, म्हणून दोघादोघांची जोडी असते. मी दरवर्षी बघते, पहिल्या आठवड्यात जोडीतला मुलगा खुर्ची ओढून कीबोर्डसमोर बसतो आणि मुलगी बाजूला बसून जर्नल लिहिते, अक्षर चांगलं आहे म्हणून. कोणी भांडत नाही, कोणाचा वाईट हेतू नसतो, पण वर्षाच्या शेवटी त्याला चालवता येतं आणि हिच्याकडे सुंदर जर्नल असतं. तू पहिल्याच दिवशी सांग, एक प्रॅक्टिकल तू, एक मी. ऐकलं नाही तर सरांना किंवा मॅडमना सांगून जोडी बदलून घे, त्यात लाजायचं काही नाही. आणि जर्नल कोणाचं उतरवू नको, कोणाला उतरवायला देऊही नको, मैत्रीण रुसली तर रुसू दे, तिच्या शेजारी बसून तिच्याकडून करून घे ना.

लॅपटॉपचं टेन्शन घेऊन राहिली आहेस असं आईने सांगितलं. नवा घ्यायची अजिबात गरज नाही. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टला साधा एडिटर आणि ब्राउझर पुरतो, जुन्यापुराण्या मशीनवर चालतं. पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा, तिला मात्र सर्व्हर लागतो, त्यासाठी एक्सॅम्प नावाचं सॉफ्टवेअर टाकून घ्यायचं, ते फुकट आहे. आणि घरी काहीच नसेल तर कॉलेजची लॅब रिकामी असते तेव्हा बसू द्या म्हणून विचार. बहुतेक शिक्षकांना असं विचारणारी पोट्टी आवडते, मला तर फारच आवडते.

सायबर लॉचा धडा सगळे शेवटच्या रात्री वाचतात. तू आधी वाच. मैत्रिणीचा पासवर्ड माहीत आहे म्हणून तिच्या अकाउंटमधून मेसेज टाकणं ही लॅबमधली रोजची मस्करी असते, पण आयटी ॲक्ट २००० च्या कलम ६६सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. आणि आईच्या फोनवर पैसे येतात-जातात, तर १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर तिच्या फोनमध्ये आजच सेव्ह करून दे, पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन तितकी ते मधेच थांबायची शक्यता जास्त.

एक शेवटचं, आणि हे फॉर्म लॉक करायच्या आधी कर. आपल्याकडे कितीतरी कॉलेजं अशी आहेत की पोरं दिवसभर क्लासला आणि कॉलेज फक्त नावाला. तिथे आयटी घेतलं काय नि नाही घेतलं काय. म्हणून तुझ्या लिस्टमधल्या कॉलेजांत बाबांना घेऊन स्वतः जा, ऑफिसात फी विचारून परत येऊ नको, लॅब दाखवा म्हण. एका बॅचला किती मशीन चालू असतात, आठवड्याला प्रॅक्टिकल खरंच होतं का, आयटीचे शिक्षक पूर्ण वर्ष असतात की परीक्षेच्या तोंडावर येतात, हे तिथे बारावीत असलेल्या एखाद्या पोरीलाच विचार, ती खरं सांगेल. जिथे लॅबला कुलूप दिसलं ते नाव खाली सरकव, कटऑफ कितीही मोठा असला तरी. बघून झालं की लिस्ट मला पाठव, रविवारी बसून क्रम लावू.

तुझी,
काकू