गुणात्मक विश्लेषण शिकवताना दुसऱ्यांनी घेतलेल्या मुलाखती वापरल्या तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की एम.ए.च्या मुलांना गुणात्मक संशोधन शिकवता, एका सत्रात मुलाखती घेणं आणि त्यांचं विश्लेषण हे दोन्ही बसत नाही, म्हणून स्थलांतरित कामगारांच्या जुन्या मुलाखती वर्गात वापराव्यात का. जरूर वापरा. मी नऊ वर्षं असंच शिकवतेय. आता तर माझं मत असं झालंय की विश्लेषण शिकायला स्वतःच्या मुलाखतीपेक्षा परकी मुलाखत बरी.

मुलगा स्वतः मुलाखत घेऊन आला की त्याला समोरचा माणूस आठवत असतो. कागदावर एक असतं आणि तो म्हणतो, "नाही मॅडम, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं." परक्या मुलाखतीत ही सोय नाही. जे म्हणायचं ते ओळीवर बोट ठेवून म्हणावं लागतं.

आमच्याकडे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून पुण्यात आलेल्या रंगारी, फरशीवाल्या कामगारांच्या हिंदी मुलाखती आहेत, एका जुन्या प्रकल्पातल्या. त्यातली एक मी दर वर्षी पहिल्या तासाला देते, पण फक्त सुरुवातीची तीन पानं. त्यात एक रंगारी म्हणतो, "इधर के लोग अच्छे हैं, कोई तकलीफ नहीं देता." बहुतेक मुलं समासात लिहितात : सामाजिक समावेशन. मग मी उरलेली पानं वाटते. सातव्या पानावर तो सांगतो की अकरा वर्षं इथे घरं रंगवतोय, पण काम संपल्यावर एकाही घरात परत जाणं झालेलं नाही. त्रास न देणं म्हणजे सामावून घेणं का, यावर मग तास संपेपर्यंत वाद चालतो.

इथे मराठीचा फार उपयोग होतो. 'इंटिग्रेशन' हा एकच कोड, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला समासात दिलेलं छोटं नाव, सगळीकडे डकवला की सगळं सपाट होतं. आपल्याकडे रुळणं आहे, मिसळणं आहे, सामावून घेणं आहे. रुळायचं काम माणूस एकटाच करतो : बसचे नंबर, घरभाडं, पाण्याची वेळ. मिसळायला दोन्ही बाजू लागतात. सामावून घेणं तर आधीपासून राहणाऱ्यांच्याच हातात. हे तीन कोड वेगळे ठेवून रंगाऱ्याची मुलाखत पुन्हा वाचायला लावा. तो पूर्ण रुळलेला दिसतो, बाकी दोन रकाने जवळजवळ रिकामे. एका वर्षी वर्गातली एक नवविवाहिता म्हणाली, "मलाही सगळे विचारतात, रुळलीस का?" २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित मोजले गेले, त्यांत बायकांची संख्या खूप मोठी आणि त्यांच्या स्थलांतराचं मुख्य कारण लग्न. तिने तसं म्हटल्यापासून, लग्न होऊन शहरात आलेल्या एका बाईची मुलाखतही मी या संचात ठेवते.

मुलाखत हिंदीत असेल तर कोडिंगआधी मराठी करू नका. 'अपने लोग' आलं की मुलं 'नातेवाईक' लिहून मोकळी होतात. आमचा रंगारी एकदा गाववाल्यांना 'अपने लोग' म्हणतो आणि पुढे त्याच साइटवरच्या ओडिशाच्या पोरालाही. तो शब्द आहे तसाच कोड म्हणून ठेवा आणि जिथे जिथे येतो तिथे खूण करा.

मुलाखत घेणाऱ्याचे प्रश्नही वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने अधोरेखित करायला लावा. आमच्या प्रतीत विचारणारा एकट्या माणसाला म्हणतो, "आप लोग इधर कब आये?" तिथपर्यंत 'मैं' म्हणणारा रंगारी पुढची दोन पानं 'हम लोग' म्हणून बोलतो. स्वतः घेतलेल्या मुलाखतीत ही चूक कुणाला दिसत नाही.

यावरचा आक्षेप तुमच्या सहकाऱ्यांकडून येईलच, आणि तो खोटा नाही. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ पॉल थॉम्पसन यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये क्वालिडेटा नावाचं केंद्र सुरू झालं, ते अशाच मुलाखती जपून इतर अभ्यासकांना मिळाव्यात म्हणून. लगेच १९९८ मध्ये नताशा मॉथनर या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंका घेतली : मुलाखत ज्या नात्यातून, ज्या प्रसंगात घडली, ते तिथे नसलेल्याला कसं कळणार? म्हणून संशोधकाच्या टिपणवहीतलं त्या दिवसाचं पान मिळाल्याशिवाय मी कुठलीच मुलाखत वर्गात नेत नाही. मात्र ते पान मुद्दाम तिसऱ्या तासाला देते. रंगाऱ्याच्या टिपणात लिहिलंय की पहिली वीस मिनिटं ठेकेदार शेजारी उभा होता, नंतर तो सिमेंट उतरवून घ्यायला गेला. मुलं धावत पहिल्या पानाकडे जातात. "कोई तकलीफ नहीं देता" हे वाक्य त्या वीस मिनिटांतलं.

सॉफ्टवेअर पहिला महिनाभर नको. कागद, पेन्सिल आणि मोठ्याने वाचन पुरे. वीस मुलांना चार मुलाखती भरपूर होतात.

संमतीचे कागद मात्र आधी तपासा. बोलणाऱ्यांनी फक्त त्या प्रकल्पापुरता होकार दिला असेल तर पुन्हा विचारा. माग लागत नसेल तर ती मुलाखत बाजूला ठेवा, कितीही सुंदर असली तरी. नाव खोडलं की झालं असंही नाही. तालुका, धंदा आणि पुण्यात आल्याचं साल एवढ्यावर त्याच्या गावातलं कुणीही त्याला ओळखेल, म्हणून आम्ही तालुका काढून टाकतो आणि सालाऐवजी 'दहाहून जास्त वर्षं' लिहितो. प्रतींवर क्रमांक घाला आणि तास संपला की मोजून परत घ्या.