अन्न भरपूर मिळालं की बॅक्टेरिया लवकर म्हातारे होतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बॅक्टेरियाची एक पेशी दुभंगून दोन सारख्याच पेशी होतात, मग त्यात म्हातारं कोण होणार? आणि पेशीत साठणाऱ्या प्रथिनांच्या गुठळ्या भरपूर अन्नामुळे वाढतात की उपासमारीमुळे? गुठळ्या दोन्हीकडे होतात, पण वेगवेगळ्या कारणांनी, आणि त्यांचं पुढे काय होतं तेही वेगळं असतं. या विषयावर बोलताना ‘भरपूर अन्न’, ‘तुटपुंजं अन्न’ आणि ‘अन्नच नाही’ या तीन अवस्था हमखास एकत्र कालवल्या जातात, बहुतेक गोंधळ तिथूनच होतो.

आधी म्हातारं कोण ते पाहू. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरियाची पेशी कांडीसारखी असते. ती मधोमध विभागली जाते तेव्हा विभागलेल्या जागी दोन नवी टोकं तयार होतात, बाहेरची दोन मात्र आधीचीच राहतात. म्हणजे प्रत्येक पेशीला एक टोक नवं आणि एक जुनं. पुढच्या विभाजनात आईचं जुनं टोक एकाच लेकीला मिळतं. 2005 मध्ये एरिक स्टुअर्ट, फ्रान्स्वा ताद्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे 35 हजार पेशींच्या वंशावळी लावल्या. पिढ्यान्‌पिढ्या जुनं टोक वागवणाऱ्या पेशी थोड्या सावकाश वाढतात, असं त्यात दिसलं. 2008 मध्ये एरिएल लिंडनर यांच्या गटाने गुठळीला चिकटणारं एक प्रथिन चमकतं केलं, तेव्हा गुठळ्या नेमक्या जुन्या टोकाशी बसलेल्या आढळल्या.

हे पाहायला फार सुंदर असतं. अ‍ॅगरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरावर एक कांडी, तिच्या एका टोकाशी एक ठळक ठिपका. पेशी विभागली की ठिपका एकीकडेच जातो, दुसरी कोरी निघते. सात विभाजनांनंतर 128 पेशी होतात आणि ठिपका अजूनही एकीतच असतो. वीस मिनिटांना एक विभाजन धरलं तर हे सगळं दोन तास वीस मिनिटांत घडतं. गुठळीला टोकाशी ओढून नेणाऱ्या खास यंत्रणेची त्यासाठी गरज पडत नाही. पेशीचा मधला भाग डीएनएने व्यापलेला असतो, मोठी गुठळी त्यातून पार होऊ शकत नाही, म्हणून टोकाशी अडकून राहते.

गुठळ्या मुळात होतात कशा? रायबोसोम म्हणजे पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने; त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या प्रथिनाच्या साखळीला योग्य घडी पडावी लागते. घडी चुकली किंवा नंतर उलगडली तर पाणी टाळणारे आतले भाग उघडे पडतात आणि अशा साखळ्या एकमेकींना चिकटतात. डीएनएके आणि ग्रोईएल ही शॅपरोन प्रथिनं घडी सांभाळतात, तर क्लिपबी हे प्रथिन डीएनएकेच्या मदतीने गुठळीतून एकेक साखळी ओढून सोडवतं. या सगळ्याला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो. अन्नाचा संबंध इथे येतो.

माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रावण, सकस असेल तर रायबोसोम भरपूर असतात, प्रथिनं धडाधड बनतात आणि त्यात चुकलेलीही बरीच निघतात. पण पेशीही झपाट्याने वाढत असल्यामुळे बिघडलेला माल दर विभाजनाला नव्या, चांगल्या मालात विरळ होत जातो. अशा वेळी दुरुस्तीवर ऊर्जा खर्च करण्यापेक्षा जुना बिघाड एका लेकीच्या पदरात टाकून बाकीच्यांना मोकळं करणं वंशाला परवडतं. एक पेशी थकते, पण तिच्या कोऱ्या बहिणींची संख्या दर वीस मिनिटांना दुप्पट होत असते.

अन्न विरळ असेल तर हे गणित बदलतं. विभाजनाला तासन्‌तास लागतात, त्यामुळे बिघाड विरळ होण्याचा वेग मंदावतो. शिवाय घडवलेली प्रत्येक पेशी महाग असते, एक वाया घालवणं परवडत नाही. मग दुरुस्ती आणि समसमान वाटणी हाच शहाणपणाचा मार्ग ठरावा, असं गणिती प्रारूपं सांगत होती. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ते प्रयोगाने तपासलं. विरळ अन्नात वाढवलेल्या ई. कोलायचं विभाजन खरोखरच जास्त सममित निघालं, म्हणजे दोन्ही लेकी जास्त सारख्या होत्या. भरपूर अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या वाणांत मात्र म्हाताऱ्या किंवा मेलेल्या वाटणाऱ्या पेशी जास्त होत्या. आणखी एक गोष्ट: असममिती जास्त असेल तिथे तेवढ्याच अन्नातून मिळणारं पेशींचं उत्पादन कमी होतं, पण वाढीच्या वेगाशी तिचा ठळक संबंध दिसला नाही. मला या विषयातलं हे सर्वांत मोलाचं काम वाटतं, कारण बॅक्टेरियाचं म्हातारपण अटळ नसून परिस्थितीनुसार कमीजास्त होऊ शकतं, असं त्यातून पुढे येतं.

अन्न पूर्ण संपलं की प्रकरण आणखी वेगळं होतं. अमिनो आम्लं कमी पडली की रायबोसोम चुकीचं अमिनो आम्ल जोडू लागतात, आणि अशी सदोष प्रथिनं ऑक्सिडेशनने सहज खराब होतात. थॉमस न्यूस्ट्रॉम यांच्या गटाने न वाढणाऱ्या पेशींमध्ये हे दाखवलं आहे. एटीपी घसरलं की सोडवणूकही थंडावते आणि गुठळ्या साठत जातात. पण त्यांना निव्वळ कचरा समजू नका. 2019 च्या एका अभ्यासात दिसलं की गुठळ्या जितक्या साठतात तितकी पेशी खोल सुप्तावस्थेत जाते आणि अँटिबायोटिकच्या माऱ्यातून तगते, कारण औषधाने बंद पाडावं असं तिच्यात फारसं काही चालूच नसतं. अन्न परत मिळाल्यावर डीएनएके आणि क्लिपबी आधी गुठळ्या सोडवतात, मग वाढ सुरू होते. लिंडनर यांच्या गटाने त्याच वर्षी उपाशी पेशींचा मृत्युदर मोजला. आरपीओएस हे ताण सांभाळणारं नियंत्रक प्रथिन जास्त सक्रिय असेल तर पेशी सावकाश म्हाताऱ्या होतात, पण वाढ पुन्हा सुरू करण्यात मागे पडतात.

आता एक आक्षेप, जो टाळून चालणार नाही. 2010 मध्ये सकजून जून यांच्या गटाने ‘मदर मशीन’ नावाच्या सूक्ष्मनलिकांच्या यंत्रात जुन्या टोकाच्या पेशींना सतत ताजं, सकस माध्यम दिलं. त्यांच्या वाढीचा वेग शेकडो पिढ्या स्थिर राहिला, मरण्याचं प्रमाण मात्र वयाबरोबर वाढलं. काही जण यावरून ‘बॅक्टेरिया म्हातारे होतच नाहीत’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. वाढीचा वेग आणि मरणाची शक्यता ही दोन वेगळी मापं आहेत, आणि एक स्थिर असताना दुसरं बदलू शकतं. चमकत्या खुणांबद्दलही सावध राहायला हवं, काही चमकती प्रथिनं स्वतःच गुठळी करतात.

तुम्ही स्वतः प्रयोग करणार असाल तर साध्या फ्लास्कमधल्या कल्चरवरून अन्नाचा परिणाम ठरवू नका. त्यात अन्न दर तासाला कमी होतं, आम्लता आणि ऑक्सिजन बदलतो, आणि नेमकं कशामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही. माध्यम सतत वाहतं ठेवा, तापमान एकच ठेवा, फक्त ग्लुकोजचं प्रमाण बदला, आणि प्रत्येक विभाजनात दोन्ही लेकींचा विभाजनकाळ वेगवेगळा नोंदवा. नुसती सरासरी काढली तर बहिणींमधला फरक, म्हणजे तुम्हाला जे शोधायचं आहे तेच, पुसलं जाईल.