टोयोटा हायलक्स पिकअपला 275/65 आर 18 टायर टाकले तर घासतील का?

कंपनीचा टायर 265/60 आर 18 म्हणजे व्यास साधारण 775 मिमी, तुम्ही म्हणताय तो 815 च्या आसपास, म्हणजे प्रत्येक बाजूला 20 मिमी जास्त. सरळ रस्त्यावर काही होणार नाही, घासतं ते पुढचं चाक, स्टिअरिंग फुल वळवून रिव्हर्स घेताना किंवा वळणात खड्डा आला की, आणि बहुतेक वेळा चाकाच्या मागच्या बाजूला, म्हणजे मडफ्लॅप आणि आतल्या प्लास्टिक लायनरला.

लिफ्ट किट (गाडी उंच करणारं सस्पेन्शनचं सामान) टाकलं की प्रश्न मिटतो असं दुकानदार सांगतात, ते अर्धंच खरं आहे. लिफ्टने वरची जागा वाढते पण फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, टायर मागे जिथे लागतो तिथे फारसा फरक पडत नाही. तिथे अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टर (बाजूने बघितलं तर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) वाढवून घ्या, चाक किंचित पुढे सरकतं, मग तरीही घासत असेल तेवढं लायनर हीट गनने गरम करून मागे दाबा. आणि कृपया दिसायला भारी म्हणून बाहेर येणारे अलॉय घेऊ नका, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ते हबला जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी झाला की वळताना टायर मोठा फेर घेतो, जिथे घासत नव्हता तिथेही घासायला लागतो, बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच.

स्पीडोमीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 105 ला असेल. साइज बदलण्याआधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारा, आणि स्टेपनी त्याच मापाची घेणार असाल तर ती गाडीखालच्या तिच्या जागेत बसते का ते दुकानातच बघून घ्या.