मसाले-लोणच्यांच्या ऑनलाइन दुकानासाठी मराठी-इंग्रजी फॉन्टची जोडी कशी जमवावी?

तुम्ही लिहिलंय की आईच्या हातच्या मसाल्यांचं आणि लोणच्यांचं ऑनलाइन दुकान काढताय, मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहे, आणि टेम्प्लेटबरोबर आलेल्या प्लेफेअर डिस्प्ले आणि मॉन्टसेराट या जोडीत 'इंग्रजी झकास, पण मराठी कसंतरीच' दिसतंय. दिसणारच. त्या दोन्ही फॉन्टांत देवनागरी अक्षरं नाहीतच. मग ब्राउझर ग्राहकाच्या फोनमध्ये जो देवनागरी फॉन्ट हाताला लागेल तो लावून मोकळा होतो; बहुतेक अँड्रॉइड फोनवर नोटो, विंडोजवर निर्मला, आयफोनवर कोहिनूर. तुम्ही निवडलेली जोडी मराठी वाचणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

तेव्हा आधी मजकुराचा फॉन्ट ठरवा, तोही देवनागरी बघून. मथळ्याचं नंतर. गूगल फॉन्ट्सवर नमुन्याच्या चौकटीत आपल्याच मालाची नावं टाका: 'शुद्ध साजूक तूप, वऱ्हाडी ठेचा, श्रीखंड, लसूण चटणी ₹१९०'. 'शुद्ध'मधला द्ध एकजीव दिसतो की पाय मोडलेला द आणि शेजारी वेगळा ध? 'वऱ्हाडी'तला अर्धा र ह-ला नीट चिकटतो की सुटा पडतो? लहान आकारात १ आणि ९ पटकन वेगळे ओळखू येतात का? ₹ हे चिन्ह २०१० साली आलं, त्याआधीच्या बऱ्याच फॉन्टांत ते नाही. तसं असेल तर ते दुसऱ्याच फॉन्टमधून उसनं येतं आणि आकड्यांशेजारी परकं दिसतं. हे सगळं साध्या, स्वस्त फोनवर, उन्हात उभं राहून बघा. तुमचं गिऱ्हाईक तसंच बघणार आहे.

या परीक्षेत माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा पास झालेला फॉन्ट म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता. बारीक ते जाड अशी सात वजनं, आणि इंग्रजी अक्षरंही त्याच कुटुंबातली. त्यामुळे एकाच ओळीत दोन्ही लिप्या आल्या तरी एक मोठी, एक किरटी असं होत नाही. खरं सांगू? पहिलं वर्षभर नुसत्या मुक्तावर दुकान चालवलंत तरी काही अडणार नाही. मजकूर साध्या वजनात, किंमत जरा ठळक, मथळा सगळ्यात जाड. जोडी लावलीच पाहिजे असा काही नियम नाही.

लावायचीच असेल तर फरक ठसठशीत हवा. पॉपिन्स आणि हिंद हे दोन फॉन्ट शेजारी ठेवलेत तर धड जुळत नाहीत, धड वेगळेही वाटत नाहीत. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात तशीच दिसणारी दुसरी, तसं. तुमच्या मालाला मी मथळ्यासाठी बलू २ लावून बघेन, गोलसर आणि घरगुती, खाली मजकूर मुक्तात. जुन्या छापील पुस्तकाचा थाट हवा असेल तर मथळ्याला टिरो देवनागरी मराठी. त्यात ठळक वजन नाही, आणि वेबपानावरचे मथळे आपोआप ठळक होतात. मग ब्राउझर अक्षरांना स्वतःच शाई फासून जाड करतो आणि जोडाक्षरांची पोटं बुजतात. मथळ्याचं वजन मुद्दाम ४००, म्हणजे साधं, करून ठेवा. यात्रा वन हा मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. दुकानाच्या नावाला मस्त, पण तीन शब्दांपुढे नेऊ नका.

आता माझी फजिती सांगतो. एका तूपवाल्या गिऱ्हाइकाचं दुकान मी इंग्रजी टेम्प्लेटवर उभं केलं होतं. मालाच्या नावाच्या चौकटीची उंची टेम्प्लेटने इंग्रजीच्या मापाने बांधलेली, बाहेर येईल ते कापायचं असा हुकूम. उकार खालून छाटले गेले आणि पानभर 'साजक तप' विकायला निघालं. मला दोन दिवस दिसलं नाही, त्यांच्या सासूबाईंना पहिल्या मिनिटाला दिसलं. वर रफार आणि वेलांट्या, खाली उकार. आपल्या लिपीला दोन्हीकडे जागा लागते. मजकुरात ओळीची उंची अक्षराच्या १.६ पट तरी ठेवा, मथळ्यात १.४ च्या खाली जाऊ नका.

त्याच टेम्प्लेटमध्ये मथळ्याला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये सोडलेलं जादा अंतर, होतं. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं. मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि 'लोणची' दात पडलेल्या कंगव्यासारखी दिसते. ते शून्य करा. बटणांवरही तपासा, तिथे ते हमखास लपलेलं असतं.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हेही नोंदवा (lang या नोंदीत mr लिहायचं). नोटोसारख्या फॉन्टांत ल आणि श यांची हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात, आणि ही नोंद असेल तरच मराठी वळणाचा, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. 'लसूण', 'शेंगदाणा' अशा नावांत हा फरक डोळ्यात भरतो. टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीच लिहिलेलं असतं.

वजनं दोनच लोड करा, फार तर तीन. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली इंग्रजीपेक्षा जड असतात आणि गावाकडच्या नेटवर पान रखडतं. परवान्याची काळजी नको. वर सुचवलेले फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, धंद्यासाठी फुकट चालतात.

आणि बरणीच्या लेबलचा मजकूर डीटीपीवाल्याकडून आणून थेट चिकटवू नका. ती फाइल बहुतेक वेळा युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असते, वेबवर तिची नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. नावं पुन्हा टाइप करा. तीसएक पदार्थ असतील तर तासाभराचं काम आहे.