आपले प्रश्न : सिगारेट सोडायची आहे, चहा नाही

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून बोरिवलीला राहतो व अंधेरीच्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करतो. दिवसाला आठ-दहा सिगारेटी होतात. घरी मी ओढत नाही. पहिली अंधेरी स्टेशनबाहेर आणि बाकीच्या ऑफिसखालच्या टपरीवर, चहाबरोबर. सोडण्याचे प्रयत्न अनेकदा केले. तीन-चार दिवस निघतात, मग रात्रीची झोप उडते, चिडचिड वाढते आणि मित्रांबरोबर खाली उतरलो की सिगारेट पुन्हा हातात येते. हळूहळू कमी करावी की एकदम बंद करावी? घरचे म्हणतात, तुझा निश्चयच कच्चा.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : घरच्यांचे निदान मला पटत नाही. जो माणूस रात्रभर आणि सुट्टीच्या दिवशी घरात सिगारेटवाचून राहू शकतो, त्याच्या निश्चयाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपली तलफ मुख्यत्वे एका जागेला आणि त्या जागेवरच्या चहाला बांधलेली आहे, तेव्हा उपायही तिथेच करावा लागेल.

आधी आपल्या थेट प्रश्नाबद्दल. ब्रिटनमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काहींना ठरलेल्या दिवशी एकदम थांबण्यास आणि काहींना दोन आठवड्यांत कमी करत नेऊन थांबण्यास सांगितले होते. चार आठवड्यांनंतर एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर कमी करत गेलेल्यांपैकी ३९ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. त्यामुळे आपणही दिवस ठरवून एकदम थांबावे असे मी सुचवेन. मात्र तो दिवस १ जानेवारी किंवा वाढदिवस पाहून निवडू नये. आपले काम हिशेबाचे. महिनाअखेर आणि जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची २० तारीख उलटून गेली की येणारा शुक्रवार धरावा. शेवटची सिगारेट शुक्रवारी संध्याकाळी. शरीराची कुरकुर काही तासांतच सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. ती सर्वांत वाईट वेळ शनिवार-रविवारी, म्हणजे जिथे आपल्याला ओढण्याची सवयच नाही अशा घरात निघून जाईल. सोमवारची सुट्टी जोडून मिळाली तर फारच उत्तम.

आता झोपेविषयी, कारण बहुतेक जण इथेच माघार घेतात आणि खरे कारण त्यांना कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफीन एरवीपेक्षा वेगाने निकामी करते. धूर बंद झाला की आठवडाभरात हा वेग पूर्वपदावर येतो. मग नेहमीचेच पाच कटिंग प्यायले तरी त्यातले कॅफीन रक्तात पूर्वीपेक्षा जास्त आणि अधिक काळ राहते. छातीत धडधडते, हात किंचित थरथरतात, रात्री डोळा लागत नाही, आणि माणूस समजतो की हे सारे सिगारेट सोडल्यामुळेच होत आहे. म्हणून ज्या दिवशी सिगारेट थांबेल त्याच दिवसापासून चहा निम्म्यावर आणावा आणि दुपारी चारनंतर घेऊ नये. चहा सोडण्याची गरज नाही.

टपरीचा प्रश्न अधिक अवघड आहे. ‘पाकीट आणि लायटर फेकून द्या’ हा सल्ला आपल्यासारख्या सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या उपयोगाचा नाही, कारण आपले पाकीट टपरीवाल्याच्या फळीवर असते आणि लायटर तिथल्याच खांबाला दोरीने लटकत असतो. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकण्यावर सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण तिच्या भरवशावर कोणी राहू नये. जुन्या गिऱ्हाइकाने तोंड उघडण्याआधीच टपरीवाला ग्लासाबरोबर त्याचा ठरलेला ब्रँड पुढे करतो. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, ती त्याची तत्परता असते. तेव्हा आदल्या आठवड्यात जाऊन उधारी चुकती करावी आणि त्याला स्पष्ट सांगावे, ‘भाऊ, सोमवारपासून मला नुसता चहा, सिगारेट मागितली तरी देऊ नका.’ इतके करूनही पहिले दोन आठवडे खाली उतरूच नये. चहा वर मागवावा किंवा ऑफिसातल्या मशीनचा प्यावा. तो बेचव असतो हे मान्य, पण दोन आठवड्यांपुरता चालतो. मित्रांना मोठे कारण सांगत बसू नये, नाहीतर त्यावर चर्चा होते आणि चर्चा टपरीवरच होते. स्टेशनबाहेरच्या पहिल्या सिगारेटसाठी मात्र रस्ता बदलणे हाच उपाय आहे. पुलाच्या दुसऱ्या टोकाने उतरून रिक्षा धरावी.

तलफ आली की ती वाढतच जाईल असे वाटते, प्रत्यक्षात ती काही मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळासाठी बडीशेप, लवंग, गार पाणी किंवा दोन मजल्यांचा जिना पुरतो. सुपारी मात्र कटाक्षाने टाळावी, कारण तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगाला कारण ठरते, आणि मुंबईत सिगारेट सोडून सुपारीच्या पुडीला लागलेली माणसे काही कमी नाहीत.

निकोटीनचा गम घेण्यात कमीपणा मानू नये. उठल्यापासून अर्ध्या तासात सिगारेट लागत नसल्यास २ मिलिग्रॅमचा गम साधारणपणे पुरतो, आणि आपण त्याच गटात दिसता. तो नेहमीच्या च्युइंग गमसारखा सतत चघळला तर घशात जळजळ आणि उचक्या सुरू होतात व लोक ‘मला सोसत नाही’ म्हणून टाकून देतात. सावकाश चावावा, तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावा, चव गेली की पुन्हा चावावा. असा एक गम सुमारे अर्धा तास चालतो. गमच्या आधी १५ मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी वा सरबत घेऊ नये, कारण त्यामुळे निकोटीन नीट शोषले जात नाही. म्हणजे गम आणि कटिंग यांची वेळ वेगवेगळी ठेवावी लागेल.

आणि समजा, एखाद्या दिवशी ओढलीच, तर ती एक सिगारेट समजावी. सोमवारची किंवा पहिल्या तारखेची वाट न पाहता पुढच्या तासापासून बंद.

प्रश्न : माझे सासरे ७० वर्षांचे आहेत. गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर वॉचमनची नोकरी केली. चाळीच्या गॅलरीत बसून दिवसभर विडी चालते. दम्यासाठी ते थिओफिलिन असलेली गोळी घेतात. ‘विडीत कागद नाही, पान आहे, ती बाधत नाही, सोडली की खोकला वाढतो, आणि या वयात सोडून करायचे काय?’ असे म्हणतात. घरात सहा वर्षांचा नातू आहे. आम्ही बंडल लपवले की घरात दोन दिवस अबोला असतो.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : बंडल लपवणे आजपासून बंद करा. ते खाली जाऊन दुसरे आणतात आणि तुम्ही मात्र घरात पोलीस ठरता.

त्यांचे तिन्ही मुद्दे मात्र उत्तर देण्याजोगे आहेत. विडी ज्या तेंदूच्या पानात वळलेली असते त्यातून हवा सहज आत येत नाही, ती सारखी विझते, आणि पेटती ठेवण्यासाठी झुरके जास्त वेळा व जोरात मारावे लागतात. त्यामुळे आकाराने लहान असूनही डांबर व कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून कमी जात नाही. खोकल्याचे त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. श्वासनलिकेतील बारीक केसांसारखे तंतू धुरामुळे थंडावलेले असतात; विडी थांबली की ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. तो खोकला काही आठवड्यांचा असतो; कफात रक्त दिसले किंवा ताप आला तर मात्र वाट न पाहता डॉक्टर गाठावा. वयाविषयी म्हणाल तर ब्रिटनमधील डॉक्टरांवर ५० वर्षे चाललेल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीला धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुष्यही सरासरी तीन वर्षांनी वाढलेले आढळले. सत्तरीला तितकी वर्षे पदरात पडतील असे मी म्हणणार नाही, आणि गेलेली फुप्फुसाची ताकद परत येत नाही, पण ती पुढे ज्या वेगाने घटते तो वेग कमी होतो; म्हणजे चाळीचे जिने आणखी काही वर्षे स्वतःच्या पायांनी चढता येतील. सासऱ्यांशी बोलायचे तर आकड्यांपेक्षा जिन्याविषयी बोला.

एका गोष्टीत हयगय नको. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातून थिओफिलिन लवकर बाहेर पडते, आणि त्यांचा डोस त्या हिशेबाने ठरलेला असू शकतो. विडी अचानक थांबली तर तीच गोळी जास्त पडून मळमळ, धडधड, क्वचित झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून विडी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून गोळीचे प्रमाण तपासून घ्यावे. त्याच भेटीत विडी सोडण्याची गोष्ट डॉक्टरांनी काढली तर सुनेने काढण्यापेक्षा ती अधिक ऐकली जाईल.

गॅलरीत ओढल्याने नातवाचे रक्षण होते हा समज सोडून द्यावा. चाळीत दारे दिवसभर उघडी असतात. धूर उंबरठ्यावर थांबत नाही, आणि तो शेजारच्या खोलीतही जातो. विडीऐवजी मिश्री किंवा चुना-तंबाखू चालेल का, असे ते विचारतील. त्याला ठाम नकार द्यावा.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून सुरू आहे आणि समुपदेशक मराठीतही बोलतात. फोन मात्र त्यांनी स्वतः लावायला हवा. तुम्ही फक्त क्रमांक लिहून चष्म्याच्या डबीजवळ ठेवा.

प्रश्न : सिगारेट सोडण्यासाठी वेप वापरले तर चालेल का? कॉलेजबाहेर सहज मिळते.
— एक विद्यार्थी, दादर

उत्तर : नाही. वेप म्हणजे ई-सिगारेटच, आणि भारतात तिच्या उत्पादनावर आणि विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, त्यामुळे कॉलेजबाहेर मिळते ते चोरटे. त्यात निकोटीन किती आणि आणखी काय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. निकोटीनचा गम किंवा त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी यांनी भागत नसेल तर डॉक्टरांना व्हेरेनिक्लिनविषयी विचारावे. ही गोळी सिगारेट थांबवण्याच्या दिवसाआधी आठवडाभर सुरू करतात आणि साधारण १२ आठवडे घेतात. ब्युप्रोपिऑन हे दुसरे औषध आहे, पण फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी ते घ्यायचे नसते, म्हणून मित्राच्या चिठ्ठीवर कोणतेही औषध आणू नये.