गल्ला, मागचं दार आणि चोर पकडण्याचा मोह

अनेक आशीर्वाद.

दुकान हाती घेतलंस, मालात तूट निघाली आणि तू लगेच सोळा कॅमेऱ्यांचं कोटेशन मागवलंस. कॅमेरे घेच, पण सोळा नकोत आणि सगळ्यात आधी तर नकोतच. आधी हिशेब बघ. तुपाची अर्ध्या लिटरची बरणी तुला ३०० ला पडते आणि ३३० ला विकली जाते असं धर. एक बरणी गेली की तिचे पैसे भरून निघायला दहा बरण्या विकाव्या लागतात. किराण्यात नफा असा तुटपुंजा असतो, त्यामुळे चोर सापडला तरी हाती फारसं काही लागत नाही. माल जाण्याआधीच अडवावा लागतो. तो जातो तीन वाटांनी: मागच्या दारानं, गल्ल्यावरून आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीतून. मालकाची नजर मात्र तिसऱ्या वाटेवरच खिळलेली असते.

म्हणून सुरुवात मागच्या दारापासून कर. टेम्पो येतो, ड्रायव्हर घाई करतो, हमाल पेट्या आत टाकतात आणि कुणीतरी न बघता चलनावर सही ठोकतं. तूट तिथेच पडते. माल उतरवायची वेळ ठरवून टाक, समजा सकाळी १० ते दुपारी १. संध्याकाळच्या गर्दीत टेम्पो लावूच देऊ नकोस. पेट्या दारातच मोज, गोडाऊनमध्ये गेल्यावर नाही. प्रत्येक गाडीतल्या दोन-तीन पेट्या फोडून आतले नग मोज. कुठल्या फोडायच्या ते तू ठरवायचं, ड्रायव्हरनं पुढे सरकवलेली पेटी घ्यायची नाही. एकदा उघडून पुन्हा चिकटवलेली पेटी हात फिरवला की कळते: नव्या टेपखाली पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा निघालेला असतो आणि टेपच्या कडा एकमेकींवर नीट बसत नाहीत.

तेलाच्या डब्यावर खास लक्ष ठेव. १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा दिसायला सारखेच. पण लिटरभर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपासच तेल असतं. दर किलोच्या डब्याचा लागला आणि डबा लिटरचा उतरला, तर डब्यामागे जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅम तेल गेलं, आणि यात कुणी चोरी केली असं म्हणताही येत नाही. बिलावर किलो लिहिलंय की लिटर, ते वाच आणि एखादा डबा काट्यावर ठेव.

स्कीमच्या मालाचंही तसंच. बारावर एक फुकट असतो, तो तेरावा नग बिलात शून्य किमतीनं येतो, म्हणून तो मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. एक्सपायरीचा नि फुटका माल परत देताना नगांची यादी करून सेल्समनची सही घे, नाहीतर क्रेडिट नोट (परत दिलेल्या मालाच्या पैशांची वजावट) कमी आली तरी तुझ्या हातात काही नसतं. पैसे सेल्समनच्या हाती रोख देऊ नकोस, वितरकाच्या खात्यावरच टाक. ‘आमचं खातं बदललंय, यापुढे इथे भरा’ असा मेसेज आला, तर त्या मेसेजमधल्या नंबरवर नाही, तुझ्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून विचार. आणि रिकामे खोके चपटे केल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नकोस, त्यांत माल लपवून नेता येतो. माल उतरवून घेणारा आणि तो कॉम्प्युटरवर चढवणारा माणूस एकच असेल तर यातलं काहीच टिकणार नाही.

आता गल्ला. तुझ्या बाबांच्या वेळी गल्ल्यावर ते स्वतः बसत. तुझ्याकडे तीन काउंटर आहेत, तिथे विश्वास आणि हिशेब दोन्ही लागतात. प्रत्येकाला वेगळा लॉगिन, वेगळा ड्रॉवर आणि सकाळी मोजून दिलेले २,००० रुपयांचे सुट्टे. रात्री कॅशियरनं आधी पैसे मोजून आकडा कागदावर लिहायचा, मग तू कॉम्प्युटरचा आकडा काढायचा. क्रम उलटा झाला तर मोजणी फुकट: आकडा आधी कळला की वरचे पैसे खिशात जातात आणि गल्ला ‘बरोबर’ येतो. ज्याचा गल्ला महिनोन्महिने रुपयाचाही फरक न पडता जुळतो, त्याच्याकडे मी आधी बघेन. सुट्ट्यांच्या व्यवहारात पाच-दहा रुपये इकडेतिकडे होणारच.

इथला खरा डाव बिल कॅन्सल करण्याचा. गिऱ्हाईक ४४० रुपये रोख देतं आणि बिल न घेताच निघतं. ते दाराबाहेर पडलं की कॅशियर बिल रद्द करतो आणि ४४० काढून घेतो. गल्ला जुळतो. बिल रद्द झाल्यामुळे कॉम्प्युटर तो माल पुन्हा शिलकीत धरतो, पण रॅकवर तो नसतो. म्हणजे चोरी झाली गल्ल्यावर आणि तूट दिसली रॅकवर, आणि आपण गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासत बसतो. होल्डवर टाकून (अर्धवट थांबवून) पुसलेली बिलं, गिऱ्हाईक समोर नसताना झालेला परतावा, हातानं दिलेली सूट, सगळं याच जातीचं. दर रात्री कॅशियरवार हे चारही आकडे काढ. एकाचे आकडे बाकीच्यांपेक्षा सतत जास्त दिसले, तर त्या वेळा काढून कॅमेऱ्यात एवढंच बघ: बिल रद्द झालं तेव्हा काउंटरसमोर कुणी उभं होतं का? बिल रद्द करण्याचा पासवर्ड तुझ्याकडे राहू दे. गर्दीत कंटाळून तो कुणाला सांगितलास की संपलं.

दुसरा डाव ओळखीच्या माणसासाठी. तुपाची बरणी हातात, पण स्कॅन होतो पाच रुपयांच्या बिस्किटाचा बारकोड. कापून ठेवलेलं रॅपर काउंटरच्या कडेला किंवा स्कॅनरखाली चिकटवलेलं सापडतं. ते हातानं चाचपून बघ.

मात्र आरोप करायच्या आधी निरुपद्रवी कारणं संपव. किंमत बदलल्यावर एकाच मालाचे दोन कोड झालेत का, सुट्या मालात गूळ शेंगदाण्याच्या कोडवर गेलाय का, आलेलं बिल दोनदा चढलंय का. तुटीचे निम्मे वाद इथेच मिटतात, असा माझा अंदाज आहे. आणि गल्ल्यातली तूट पगारातून परस्पर कापू नकोस. माणसाला त्याचं म्हणणं मांडू दिल्याशिवाय तशी कपात कायद्यात बसत नाही, आणि एकदा कापलीस की पुढची तूट भरून काढायला तो गिऱ्हाइकाला सुट्टे कमी देऊ लागतो.

यूपीआयच्या बाबतीत एकच गोष्ट मुलांच्या अंगवळणी पाड: गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरची हिरवी खूण म्हणजे पैसे आले असं नाही. हुबेहूब तशी स्क्रीन दाखवणारी नकली ॲप्स फिरतात. साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या ॲपमध्ये नोंद दिसली, तरच पिशवी हातात द्यायची. नेटवर्क गेलं तर गिऱ्हाइकाला अदबीनं थांबव किंवा रोख माग. क्यूआर काउंटरच्या आतल्या बाजूला, काचेखाली ठेव. २०२५ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात खजुराहोला दुकानांबाहेरच्या क्यूआरवर रात्रीतून दुसरेच क्यूआर चिकटवले गेले होते. म्हणून दुकान उघडलं की एक रुपया पाठवून नाव कुणाचं येतंय ते बघायचं. ‘चुकून जास्त गेले, परत करा’ असा फोन आला तर आधी खातं तपास. एसएमएस दाखवतील, तो त्यांनीच पाठवलेला असू शकतो. कुणी सैन्यातला अधिकारी म्हणून मोठी ऑर्डर देऊन ‘पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हणालं, तर फोन ठेवून दे. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. गेलेच पैसे, तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि हातात त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले गेले तरच मिळण्याची आशा, म्हणून आधी फोन, घरी चर्चा नंतर.

नोटांचं थोडक्यात: ५०० ची नोट तिरपी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो, उजव्या कोपऱ्यातला ५०० चा आकडाही. नोट बनावट निघाली तर पुढे चालवू नकोस. जाणूनबुजून खपवणं हा गंभीर गुन्हा आहे. गिऱ्हाइकाची नोट ड्रॉवरमध्ये लगेच टाकायची नाही, सुट्टे देऊन होईपर्यंत वरच राहू द्यायची. ‘मी ५०० ची दिली होती’ हा वाद, आणि मध्येच ‘थांबा, सुट्टे सापडले’ म्हणून गोंधळ उडवण्याची हातचलाखी, दोन्ही यानं बंद होतात.

आता ज्याची तुला सगळ्यात जास्त काळजी, ती उचलेगिरी. मधले रॅक साडेचार फुटांच्या वर नेऊ नकोस, म्हणजे काउंटरवरून माणसाचं डोकं दिसतं. डिओ, दाढीची पाती, सुकामेवा, लहान बाळांच्या दुधाची पावडर, तूप: लहान, महाग आणि बाहेर सहज खपणारं सगळं काउंटरच्या नजरेत. दाढीच्या पात्यांचं एकच पाकीट पुढे, बाकीची आत. प्रत्येक गल्लीत दर थोड्या वेळानं आपलं माणूस रॅक लावत असू दे आणि आलेल्याला ‘काय हवंय ताई?’ असं विचारू दे. उचलायला आलेल्याला हा प्रश्न कॅमेऱ्यापेक्षा जास्त खुपतो, आणि खऱ्या गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

कॅमेरे आठ पुरतील: तीन काउंटरवर, एक दारात, एक मागच्या दारात, एक गोडाऊनला, दोन रॅकवर. दारातला छताला लावू नकोस, नुसती टोपी दिसते. चेहऱ्याच्या उंचीच्या जरा वर लाव. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दोन एमबीपीएसवर चालला तर दिवसाला २१ ते २२ जीबी खातो. आठांचे तीस दिवस म्हणजे पाच टीबीच्या वर, तेव्हा सहा टीबीची डिस्क घे. कॅमेरे विकणारा एक टीबी बसवून देतो आणि पाच-सहा दिवसांनी फुटेज पुसलं जातं. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं फुटेज साठवणारी पेटी) काउंटरखाली नको, कुलपात आणि यूपीएसवर. त्याचं घड्याळ बिलिंगच्या घड्याळाशी जुळतंय का ते दर सोमवारी बघ. दहा मिनिटांचा फरक असला की बिल आणि चित्र जुळत नाही. फुटेज कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. तिथवर जायची वेळ आली तर मूळ डिस्कला हात लावू नकोस.

कुणी उचलताना दिसलंच तर? उचललेलं दिसलं, लपवलेलं दिसलं, मधे नजरेआड झालं नाही आणि काउंटर ओलांडला, या चारही गोष्टी झाल्या असतील तरच बोल, आणि बोलायचं ते ‘एक वस्तू बिलात राहिली वाटतं’ एवढंच. बहुतेक जण वस्तू काढून ठेवतात किंवा पैसे देतात. झडती घ्यायचा तुला अधिकार नाही, बाईची तर नाहीच नाही. गोडाऊनमध्ये बसवून ठेवणं म्हणजे गैरपणे डांबून ठेवणं, भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्यासमोर घडलेल्या गुन्ह्यात सामान्य माणसाला कुणाला धरून ठेवता येतं, पण गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) असेल तरच, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. ५,००० रुपयांच्या आतली पहिलीच चोरी, माल किंवा पैसे परत केलेले, यात संहितेनं समाजसेवेची शिक्षा सांगितलीय आणि ती अदखलपात्र ठरते. मग दोनशेच्या डिओसाठी चार जणांनी मिळून एखाद्याला चोपलं तर आरोपी कोण होणार ते तूच बघ. फोटो काढून बाजारपेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणंही नको. लहान मूल असेल तर आईबापांना बोलाव, त्याला कोपऱ्यात उभं करून तमाशा करू नकोस.

दारू पिऊन आलेला, सुट्ट्यावरून शिव्या देणारा, यांच्यासाठी नियम सोपा: एकानं बोलायचं, हळू बोलायचं, काउंटर मधे ठेवायचा, दाराची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवायची. वाट अडली की माणूस अंगावर येतो. काउंटरवरच्या मुलीशी कुणी घाणेरडं बोललं, तर तिला लगेच आत पाठव, तू किंवा दुसरं कुणी पुढे हो, आणि ‘गिऱ्हाईक आहे, सोडून दे’ हे वाक्य दुकानात उच्चारू नकोस. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावी लागते. तुझी आता अकरा आहेत. महिन्याचा हप्ता मागायला कुणी आलं तर पहिल्याच वेळी तारीख-वेळ लिहून ठेव आणि पोलीस ठाण्यात अर्ज दे. एकदा दिलास की दर वाढतो.

हत्यार दाखवून कुणी गल्ला मागितला तर गल्ला द्यायचा. चटकन हालचाल नको, काय करतोय ते बोलून करायचं. अंगकाठी, चप्पल-बूट, बोलण्याची ढब लक्षात ठेवायची. ते गेले की शटर ओढून ११२, आणि त्यांनी हात लावलेल्या जागेला हात लावायचा नाही. म्हणूनच ड्रॉवरमध्ये १०,००० झाले की पैसे आत तिजोरीत टाकायचे आणि तिजोरीची किल्ली काउंटरवरच्या कुणाकडे नसायची. बँकेत भरणा रोज एकाच वेळी, एकाच रस्त्यानं, एकाच माणसानं न्यायचा नाही. रात्री शटर लावताना दोन माणसं हवीत, एकानं पाठ दुकानाकडे करून उभं राहायचं.

सोमवारपासून रोज फक्त वीस वस्तू मोज, सगळं दुकान नको. तूप, तेलाचे डबे, डिओ, पाती, बदाम यांपासून धर. पंधरा दिवसांचा तक्ता आणि रद्द बिलांचे कॅशियरवार आकडे मला पाठव. कॅमेऱ्यांचं कोटेशन तोवर राहू दे.

बाबांना नमस्कार सांग.