गुरूंची इच्छा आणि माझे मत

आदरणीय ताई,

मी ४७ वर्षांची असून भांडुपला राहते आणि एका खाजगी कंपनीत हिशेबाचे काम करते. सहा वर्षांपूर्वी, सासूबाईंच्या लांबलेल्या आजारपणानंतर, माझी झोप पूर्णपणे उडाली होती. शेजारच्या वहिनी मला एका उपासना केंद्रात घेऊन गेल्या आणि तिथल्या नामजपाने मी सावरले, हे मी कधीही विसरणार नाही. गेल्या काही काळात मात्र केंद्रात वेगळेच सांगितले जाऊ लागले आहे. साधकाने वर्तमानपत्र वाचू नये, मत मांडणे हा अहंकार आहे, असे केंद्रप्रमुख दादा म्हणतात. मागच्या निवडणुकीआधी तर अमुक उमेदवाराला मत देणे ही गुरूंची इच्छा आहे, ती मोडणाऱ्यावर अवकृपा होईल, असे सांगून सर्वांना हात वर करून संकल्प करायला लावला. मीही हात वर केला. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तिचे ते पहिलेच मतदान होते. तिने मला विचारले, “आई, तू मतदानाला चालली आहेस की पाद्यपूजेला?” तेव्हापासून ती संध्याकाळच्या उपासनेला बसत नाही. जपाला बसल्याशिवाय वायफाय मिळणार नाही, असा नियम मी केला, पण उपयोग होत नाही. यजमान म्हणतात, अध्यात्माच्या नादी लागलेली माणसे स्वतःचे डोके वापरायचे सोडून देतात. खरी गोष्ट अशी आहे, की मतदान केंद्रात ऐन वेळी माझे बोट दुसऱ्याच बटणावर गेले. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मी गुरुद्रोह केला का? केंद्रात जाऊन कबुली द्यावी का? आणि मुलीला पुन्हा उपासनेकडे कसे वळवू?

— एक साधिका

प्रिय भगिनी,

तुम्ही गुरुद्रोह केलेला नाही. केंद्रात जाऊन कबुली देण्याचेही काही कारण नाही. पत्र वाचून पुरते होण्याआधीच तुम्हाला हे सांगावे असे मला वाटले, कारण गेले कित्येक महिने तुम्ही हा भार एकटीने वाहिला आहे, आणि झोपेसाठी सुरू केलेली साधनाच पुन्हा झोप उडवू लागली असेल, अशी मला भीती वाटते.

तुमचे बोट दुसऱ्या बटणावर गेले ते चुकून गेले नाही, असे मला तुमच्या पत्रावरून वाटते. लोकसभा-विधानसभेच्या मतदानात बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रातील चिठ्ठी सुमारे सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते. तेवढा वेळ त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे माणसाच्या शेजारी कोणीही नसते. पती नसतो, पक्षाचा कार्यकर्ता नसतो, केंद्रप्रमुखही नसतो. सहा वर्षे तुम्ही डोळे मिटून मन स्थिर करण्याचा अभ्यास केला आहे. त्या स्थिर मनाने तुम्हाला त्या क्षणी काही सांगितले असेल, तर त्याला साधनेचा भंग म्हणायचे की साधनेचे फळ, याचा एकदा शांतपणे विचार करा.

मत गुप्त ठेवण्याची ही व्यवस्था केवळ सोयीची नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार, आपण कोणाला मत दिले हे सांगण्यास कोणाही व्यक्तीला भाग पाडता येत नाही. जे न्यायालयातही विचारता येत नाही, ते गुरुवारच्या सत्संगात विचारण्याचा अधिकार कोणाला कसा असेल? शिवाय त्याच कायद्याचे १२३ वे कलम तुमच्या पत्रासाठीच लिहिले असावे इतके नेमके आहे. अमुक प्रकारे मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा पारमार्थिक दोष लागेल, अशी समजूत मतदाराच्या मनात निर्माण करणे याला ते कलम गैरवाजवी दडपण म्हणते, आणि उमेदवाराच्या संमतीने ते घडले असेल तर त्याची निवडणूकही रद्द होऊ शकते. फौजदारी कायद्यात ही तरतूद त्याहून जुनी आहे. १९२० मध्ये ती भारतीय दंडविधानात आली आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. कायदा करणाऱ्यांनी लाठीच्या आणि पैशाच्या धाकाबरोबरच देवाच्या धाकाचे नाव घेतले, यामागे मला त्यांची माणसाबद्दलची मोठी जाण दिसते. लाठी बाहेरच राहते, ती इतरांना दिसते, तिच्याविरुद्ध ओरडता येते. अवकृपेची भीती मात्र मतदाराबरोबर आडोशामागेही जाते आणि घरी परतल्यावरही त्याला सोडत नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवले आहे. हा प्रश्न आपल्या शहराला नवा नाही. सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्ट मार्ग ठरवला.

आता तुम्ही केलेल्या संकल्पाकडे येते, कारण तुम्हाला कायद्यापेक्षा हात वर केल्याचीच टोचणी अधिक आहे. आपण जे अर्पण करतो ते आपले असावे लागते. राग, हव्यास, मीपणा हे तुमचे आहे. ते तुम्ही ज्याच्या चरणी वाहायचे त्याच्या चरणी खुशाल वाहा. मत मात्र तशा अर्थाने तुमच्या एकटीचे नसते. तुमच्या वस्तीतील पाणी, पालिकेच्या शाळेतील मुले, लोकलमध्ये रोज लटकत जाणारी माणसे, ज्यांची नावेही तुम्हाला ठाऊक नाहीत अशा सर्वांच्या जगण्यावर त्याचा परिणाम होतो. मत ही तुमच्याकडे सोपवलेली ठेव आहे. कोणी विश्वासाने ठेवायला दिलेला दागिना आपण देवाला वाहिला, तर त्याला कोणीही भक्ती म्हणणार नाही. तेव्हा तो संकल्प तुम्ही मोडला असे मानू नका. तो संकल्प करण्याचा अधिकारच तुमच्याकडे नव्हता, आणि तो करवून घेण्याचा अधिकार केंद्राकडे तर त्याहून नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भक्तीविषयी जो इशारा दिला, तो आपल्याकडे वारंवार उद्धृत केला जातो, पण बहुतेकदा अर्धाच. राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, हा त्यातला दुसरा भाग. त्याच्या आधी त्यांनी धर्मातील भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, असेही म्हटले होते. हा आधीचा भाग मला तुमच्यासाठी फार मोलाचा वाटतो. तुमची भक्ती सोडा, असे त्या भाषणात कोणीही तुम्हाला सांगत नाही. ती जिथली आहे तिथे राहू द्या, एवढेच त्यात सांगितले आहे. माणूस कितीही मोठा असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, हा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा इशाराही त्यांनी त्याच भाषणात सभेपुढे ठेवला होता. तुमच्या मुलीने पाद्यपूजेचा प्रश्न विचारला तेव्हा तिने हे भाषण वाचलेले होते की नाही, मला माहीत नाही. पण तिने विचारले ते हेच.

‘मत मांडणे हा अहंकार आहे’ या वाक्यात थोडे सत्य आहे, म्हणूनच ते चटकन पटते. आपले मत खाली पडले की आपणच खाली पडलो, असे वाटू लागणे हा अहंकार खराच, आणि तो साधनेने निवळतो. परंतु मत असणे वेगळे आणि मताला कवटाळून बसणे वेगळे. शिवाय दादांनी मत मांडलेच की! त्यांनी उमेदवाराचे नावही सांगितले. केंद्रात मत मांडणे थांबलेले नाही, फक्त ते एकाच माणसापुरते राहिले आहे. वर्तमानपत्राचेही तसेच. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस फोन, वाचन, लेखन सारे बाजूला ठेवावे लागते, पण ते ठरलेल्या मुदतीपुरते असते. दहाव्या दिवशी मौन सुटते, अकराव्या दिवशी सकाळी माणूस आपल्या फोनसह घरी परततो, आणि आता यापुढे जगाकडे पाहू नकोस असे त्याला कोणी सांगत नाही. माघार घेण्याला मुदत असेल तर ती साधना. मुदत नसेल आणि बाहेरची बातमी एकाच तोंडून येत असेल, तर तुम्ही सावध व्हायला हवे.

यजमानांचे म्हणणेही मी मान्य करीत नाही, हे त्यांना अवश्य वाचून दाखवा. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन करणारी मंडळी उपासनेलाच जमत असत आणि त्याच मंडळींनी स्त्रीशिक्षणाचा आणि विधवाविवाहाचा आग्रह धरला. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. श्रद्धाळू माणसाने रूढीला आणि अधिकाऱ्याला नकार दिल्याची उदाहरणे महाराष्ट्राला शोधावी लागत नाहीत. डोके वापरायचे सोडण्याचा दोष अध्यात्माचा नाही. नकार सहन न होणाऱ्या संघटनेचा तो दोष आहे, आणि तशा संघटना अध्यात्माबाहेरही पुष्कळ आहेत.

तुमच्या पत्रात एक वाक्य असे आहे, की ज्याच्यावरून तुम्ही पटकन पुढे गेला आहात. तिथे मात्र मला थांबावेसे वाटते. जपाला बसल्याशिवाय वायफाय नाही, असा नियम तुम्ही केलात. केंद्राने तुमच्यापुढे अवकृपा ठेवली आणि तुम्ही मुलीपुढे वायफाय ठेवले. जे तुम्हाला तिथे टोचले तेच तुम्ही घरी आणून तिच्यावर लादले. हे मी कठोरपणे लिहीत आहे, कारण मी स्वतः हे केले आहे. माझा मुलगा लहान असताना शुभंकरोती म्हटल्याशिवाय मी त्याला ताट वाढत नसे. तो म्हणत असे, भुकेपोटी आणि शब्द गिळत. आज त्याच्या घरी मी राहायला जाते तेव्हाच देवापुढे दिवा लागतो, आणि तो माझ्यासाठी लावलेला असतो, हे मला कळते. ज्या गोष्टीने मला आयुष्यभर आधार दिला, तिची चवच मी त्याला लागू दिली नाही, याचे दुःख माझ्या मनातून गेलेले नाही.

तुमची मुलगी सज्ञान आहे. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये लागू झाली, तेव्हापासून या वयाच्या मुलामुलींना देशाचे भवितव्य ठरवण्यास आपण पात्र मानतो. मग संध्याकाळी साडेसात वाजता डोळे मिटायचे की नाही, हे ठरवण्यास ती अपात्र कशी? संविधानाचे २५ वे कलम सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते, ते जप करणाऱ्या आईला जितके आहे तितकेच जप न करणाऱ्या लेकीलाही आहे. आणि आपल्या बायकांच्या बाबतीत हे स्वातंत्र्य किती उशिरा आले, तेही आठवा. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा अधिकार १९२१ मध्ये मिळाला, तोही मालमत्तेची अट घालून. पुढे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशीच नोंद केली होती. तुमच्या मुलीने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बुद्धीने पहिले मत दिले आहे. तुम्ही तिला वाढवताना काहीतरी फार चांगले केले असले पाहिजे.

केंद्र सोडा, असे मी सांगणार नाही. तिथे तुम्हाला माणसे मिळाली आहेत आणि अडचणीच्या काळात त्यांनी तुम्हाला धरून ठेवले, हे मी कमी लेखत नाही. मात्र येत्या गुरुवारी दादांना एकांतात, हात जोडून, पण स्पष्ट सांगा, की उपासनेविषयी आपण जे सांगाल ते मी मनापासून ऐकेन, मतदानाविषयी यापुढे मी संकल्प करणार नाही, आणि मी मत कोणाला दिले हे मला विचारू नये. स्पष्टीकरण देत बसू नका. त्यानंतर ते कसे वागतात, ते पाहा. त्यांनी ऐकून घेतले, तर तुमचे केंद्र तुमच्यापाशी राहील. सेवा काढून घेतली, इतर साधक अबोला धरू लागले, तर जी शांती तुम्हाला मिळाली ती त्या सभागृहाची नसून तुमच्या सहा वर्षांच्या जपाची आहे, हे लक्षात ठेवा. ती घरच्या पाटावरही मिळेल. पुढच्या निवडणुकीत पुन्हा तसे निरोप आले, तर ते पुसून टाकू नका. निवडणूक आयोगाकडे तक्रार करता येते. ती करायची की नाही, हे तुम्ही ठरवा.

वायफायचा पासवर्ड मुलीला आजच द्या, कोणतीही अट न घालता. तुमची साडेसातची वेळ मोडू नका; तिला हाक न मारता तुम्ही बसा. आणि एखाद्या निवांत रात्री, जेवणे झाल्यावर, तिला एवढे सांगा, की त्या दिवशी आडोशामागे तुम्ही कोणाचेही ऐकले नव्हते. कोणते बटण दाबले, हे तिलाही सांगू नका, आणि तिने कोणते दाबले, ते विचारू नका.